नागपूरच्या घरात बर्बर गालिचा: निवड, मांडणी आणि वर्षभराची निगा

मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वतरांगांमध्ये राहणाऱ्या अमाझिघ, म्हणजेच बर्बर, समाजातील स्त्रिया घरच्या उभ्या मागावर जे लोकरी गालिचे विणत आल्या आहेत, ते मुळात अंथरूण आणि पांघरूण म्हणून विणले जात; बैठकीची शोभा म्हणून त्यांना जगभरातून आलेली मागणी पुष्कळ नंतरची आहे. मध्य अ‍ॅटलासच्या उंच भागात हिवाळ्यात बर्फ पडतो आणि तेथील जाड, लांब लवेचा गालिचा त्या थंडीच्या हिशेबानेच विणलेला असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट राहते आणि खरी थंडी जेमतेम अडीच-तीन महिने टिकते. त्यामुळे या शहरात असा गालिचा घेताना रंग आणि नक्षी यांच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: तो वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, कोणत्या फरशीवर आणि कसल्या हवेत अंथरला जाणार आहे?

बाराही महिने एकच जाड गालिचा हॉलमध्ये अंथरून ठेवण्याची कल्पना नागपूरच्या घराला मानवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात पायांना गार लागणारी उघडी फरशी हे आपल्याकडे सुखच असते, आणि ते झाकून टाकण्यात शहाणपण नाही. मोरोक्कोतही ऋतूप्रमाणे वापर बदलण्याची रीत आहे. मध्य अ‍ॅटलासमधील काही गालिचे हिवाळ्यात लवेच्या बाजूने आणि उन्हाळ्यात उलटून सपाट बाजूने वापरले जातात. तेव्हा लवदार गालिचा कोजागरीनंतर बाहेर काढून अंथरावा, होळीच्या आधी गुंडाळून ठेवावा आणि उरलेल्या महिन्यांसाठी सपाट विणीचा पातळ गालिचा वापरावा किंवा फरशी मोकळी सोडावी, हा क्रम येथे सर्वांत सोयीचा ठरतो. होळीची मर्यादा केवळ उन्हामुळे सांगितलेली नाही. रंगाने भरलेले पाय पांढऱ्या लोकरीवर पडले, तर पुढचे सगळे उपाय अपुरे पडतात.

कोणता प्रकार घ्यावा

बर्बर गालिचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हस्तिदंती रंगाच्या पार्श्वभूमीवर काळ्या किंवा गडद तपकिरी रेषांचे मोठे शंकरपाळे येतात. ही बेनी उरैन या मध्य अ‍ॅटलासमधील टोळीसमूहाची वीण आहे. यातील पांढरा आणि तपकिरी हे दोन्ही रंग बहुधा मेंढीच्या लोकरीचे स्वतःचेच असतात, त्यामुळे रंग जाण्याची भीती कमी असते. याची लव लांब आणि मऊ असते आणि तेच त्याचे आकर्षण आहे. परंतु धूळ, केस आणि खाण्याचे कण त्या लवेच्या तळाशी जाऊन बसतात, हेही घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

अझिलाल हा उच्च अ‍ॅटलासकडील प्रकार पांढऱ्या पार्श्वभूमीवर गुलाबी, नारिंगी, निळ्या अशा मोकळ्या रंगांनी सजलेला असतो आणि त्यातील आकृत्या सममित असतीलच असे नाही. बेनी म्गिल्द गालिच्यांत गडद लाल आणि जांभळ्या छटा आढळतात. दक्षिणेकडील ताझनाख्त परिसरातील गालिच्यांत केशरी-पिवळा रंग ठळक असतो आणि एकाच तुकड्यात गाठींची लव आणि सपाट वीण एकत्र येते. परंपरेने रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातील मुळे, नीळ, मेंदी, डाळिंबाची साल अशी सामग्री वापरली जाई. आज मात्र कृत्रिम रंगही सर्रास वापरले जातात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, रंग पक्का असला म्हणजे झाले.

नागपूरसाठी सर्वांत उपयुक्त प्रकार मात्र या प्रसिद्ध नावांमध्ये नाही. हंबेल नावाने ओळखला जाणारा, लव नसलेला, पट्ट्यापट्ट्यांचा सपाट विणीचा गालिचा आपल्याकडच्या जाड सतरंजीसारखा अंथरता, झटकता आणि उचलता येतो. त्यात धूळ साठत नाही, तो लवकर वाळतो आणि घडीच्या ऐवजी गुंडाळी करून कोपऱ्यात सहज मावतो. पहिलाच गालिचा घेणाऱ्याने हॉलसाठी हंबेल घ्यावा आणि लवदार गालिच्याची हौस शयनगृहात भागवावी, असा सल्ला मी देईन. बुशरवीत हा आणखी एक प्रकार जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणला जातो. लोकरीची टंचाई आणि तयार कपड्यांची मुबलकता या परिस्थितीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वाढला. मुलांच्या खोलीत तो फार शोभतो, मात्र त्यातील वेगवेगळ्या कापडांचे रंग वेगवेगळ्या तऱ्हेने जातात, म्हणून तो ओला करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

खरेदी करताना

बाजारात ‘बर्बर’ या नावाखाली यंत्रावर बनलेला, आखूड फासांचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवण्याचा कार्पेटही विकला जातो. त्याचा अ‍ॅटलासच्या मागांशी काहीही संबंध नसतो. दुसरीकडे, बेनी उरैनच्या नक्षीचे हाताने विणलेले गालिचे भारतातही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. भदोही-मिर्झापूरचा पट्टा आणि जयपूर ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत, आणि भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. असा गालिचा घेण्यात काहीच गैर नाही. तो मोरोक्कोहून आलेल्या गालिच्याच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो, कारण त्यावर आयातीचा आणि दूरच्या वाहतुकीचा बोजा नसतो. गैर आहे ते भदोहीचा गालिचा मोरोक्कोचा म्हणून, मोरोक्कोच्या किमतीला विकणे.

गालिचा हातात आल्यावर प्रथम तो उलटावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या मागे गाठी आणि पुढची नक्षी स्पष्ट दिसते. मागे कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड गालिचा आहे, म्हणजे पिस्तुलासारख्या अवजाराने कापडात लोकर रोवून मागून रबरी चीक लावलेला. नागपूरच्या उष्णतेत हा चीक काही वर्षांत कोरडा पडून भुकटीसारखा झडू लागतो, त्यामुळे टफ्टेड गालिचा कितीही सुंदर दिसला तरी येथे दीर्घकाळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. नंतर टोकाच्या दशा पाहाव्यात. खऱ्या विणीत त्या ताण्याच्या, म्हणजे मागावरील उभ्या धाग्यांचीच टोके असतात. वेगळी पट्टी शिवून लावलेल्या दशा म्हणजे संशयाला जागा. लोकरीची खात्री करण्यासाठी विक्रेत्याच्या परवानगीने लवेतील एखादा धागा जाळून पाहावा: लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते, तर कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी बनतो.

काही विक्रेते दर चौरस इंचातील गाठी मोजून भाव सांगतात. काश्मिरी गालिच्यासाठी हा निकष योग्य आहे. बर्बर गालिच्यासाठी तो निरर्थक आहे, कारण ही वीण मुळातच विरळ आणि जाड असते. येथे लोकर किती जिवंत आहे हे पाहावे. लव मुठीत दाबून सोडल्यावर ती पुन्हा उभी राहिली पाहिजे. कोरडी, ठिसूळ, अतिशुभ्र लोकर असेल, तर ती ब्लीच केलेली असण्याची शक्यता असते. ओल्या पांढऱ्या फडक्याने रंगीत भाग दाबून पाहिला की कच्चा रंग लगेच फडक्यावर उतरतो. कडा किंचित वाकड्या असणे, एका टोकाची रुंदी दुसऱ्या टोकापेक्षा थोडी वेगळी असणे, एकाच रंगाची छटा मध्येच बदलणे, या गोष्टी मात्र दोष समजू नयेत. या स्त्रिया कागदावर आराखडा काढून विणत नाहीत. नक्षी मनात असते आणि लोकर संपली की नव्या रंगवलेल्या लोकरीची छटा थोडी निराळी येते.

माप आणि फरशी

दुकानात मोठा वाटलेला गालिचा घरी आणल्यावर टीपॉयखालच्या रुमालाएवढा दिसतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. उपाय सोपा आहे: खरेदीपूर्वी हॉलमध्ये जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे इच्छित मापात अंथरून दोन दिवस तशीच ठेवावीत आणि त्यांवरून वावरून पाहावे. मनीषनगर, बेसा किंवा वर्धा रोडकडील नव्या इमारतींत हॉल बहुधा अरुंद आणि लांबट असतात; तेथे सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आणि मागचे पाय फरशीवर राहतील अशा बेताने ५ बाय ८ किंवा ६ बाय ९ फुटांचा गालिचा पुरतो. भिंतीलगत किमान आठ ते बारा इंच फरशी मोकळी दिसू द्यावी, नाहीतर खोली लहान वाटते. अनेक बर्बर गालिचे रुंदीच्या मानाने जास्त लांब असतात, कारण घरातील मागाची रुंदी मर्यादित असते. हा लांबटपणा आपल्या हॉलला उलट सोयीचा आहे. लवदार गालिचा दाराजवळ ठेवायचा असेल, तर दाराची खालची फट आधी मोजावी. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीवर दार अडकते आणि रोज घासून लव एका जागी झिजते.

फरशीचा विचार सहसा कोणी करत नाही, पण मांडणी तेथेच बिघडते. व्हिट्रिफाइड टाइल्सच्या सरळ सांध्यांशेजारी गालिच्याची कड समांतर ठेवली, तर हातविणीतला नैसर्गिक वाकडेपणा चटकन डोळ्यांत खुपतो. म्हणून कड सांध्यावर न आणता टाइलच्या मधोमध येईल अशी ठेवावी. हिरवट-करड्या कोटा फरशीवर हस्तिदंती बेनी उरैन अतिशय उठून दिसतो. जुन्या घरांतील नक्षीदार मोझॅकवर मात्र नक्षीचा गालिचा टाकू नये. एक तर साधा, एकरंगी हंबेल निवडावा किंवा त्या फरशीला तिचे सौंदर्य मिरवू द्यावे.

गुळगुळीत टाइलवर कोणताही गालिचा घसरतो आणि घरात वृद्ध माणसे असतील तर हा धोका गंभीर आहे. गालिच्याखाली जाळीदार किंवा नैसर्गिक रबर आणि नमदा (दाबून केलेले जाड लोकरी कापड) यांचा थर घालावा, आणि तो गालिच्यापेक्षा सर्व बाजूंनी इंचभर लहान कापावा. स्वस्त पीव्हीसीचा थर टाळावा, कारण उष्णतेने तो मऊ पडून फरशीला चिकटतो आणि डाग सोडतो.

मांडणी

विसाव्या शतकात ल कॉर्बुझिए, अल्व्हार आल्टो यांसारख्या वास्तुविशारदांनी हे गालिचे आपल्या खोल्यांत वापरले, आणि ते तेथे शोभले याचे कारण त्या खोल्यांत दुसरे फारसे काही नव्हते: पांढऱ्या भिंती, थोडे फर्निचर, भरपूर उजेड. आपल्या हॉलमध्ये फुलाफुलांचे पडदे, चकचकीत शोकेस, फॉल्स सीलिंगमधील रंगीत दिवे आणि छापील उशांचे अभ्रे एकत्र नांदत असतात. अशा खोलीत शंकरपाळ्यांची ठळक नक्षी आणली की सगळेच एकमेकांवर ओरडू लागते. गालिचा आणण्यापूर्वी निदान पडदे आणि अभ्रे एकरंगी करावेत. खादीचे किंवा साध्या सुती कापडाचे पडदे पुरेसे होतात.

विदर्भातील घरांना एक गोष्ट मात्र आयती लाभलेली आहे, ती म्हणजे सागवानी लाकूड. बल्लारशाच्या सागाचा जुना दिवाण, आरामखुर्ची किंवा झोपाळा यांच्या तपकिरी रंगाशी न रंगवलेल्या लोकरीचा पिवळसर पांढरा रंग असा काही जमतो की त्यासाठी नवे फर्निचर घेण्याची गरज उरत नाही. सनमायक्याचे गडद, चकचकीत फर्निचर असेल, तर अझिलालच्या रंगांपेक्षा तपकिरी-पांढरा साधा गालिचा बरा. प्रकाशाचीही काळजी घ्यावी. पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूबच्या उजेडात हस्तिदंती लोकर निळसर आणि मळकट दिसते. साधारण ३००० केल्विनचा पिवळसर दिवा, तोही छतावरून नव्हे तर बाजूने, लावला की लवेतील उंचसखलपणा दिसू लागतो.

शयनगृहात गालिचा पलंगाखाली दोन-तृतीयांश सरकवून उशांकडचा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे थंडीच्या सकाळी पाय थेट लोकरीवर पडतात. क्वीन आकाराच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट गालिचा दिसायचा असेल, तर ८ बाय १० फुटांचा लागतो. तेवढा खर्च नको असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पट्टी अंथरावी. जेवणाच्या टेबलाखाली लोकरी गालिचा घालू नये. परदेशी मासिकांत तो कितीही देखणा दिसो, तेथे सावजी रश्श्याची तर्री सांडत नसते.

देवघरापुढे मात्र लोकर चालते. सोवळ्यात लोकरी धाबळी नेसण्याची प्रथा आपल्याकडे होतीच, त्यामुळे हंबेलचा छोटा तुकडा आसन म्हणून वापरायला शास्त्राची आडकाठी येऊ नये. समई आणि उदबत्ती यांपासून तो दूर ठेवावा इतकेच.

सपाट विणीचा तुकडा भिंतीवर टांगणे हा उन्हाळ्यातील चांगला पर्याय आहे, विशेषतः फ्लॅटमधील मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमत असेल तेव्हा. गालिच्याच्या वरच्या कडेला मागून रुंद सुती पट्टी नळीसारखी शिवून घ्यावी आणि तीतून लाकडी दांडी ओवून ती दोन आकड्यांवर ठेवावी, म्हणजे वजन सर्वत्र सारखे विभागले जाते. थेट खिळे ठोकल्यास वीण ताणून फाटते. पश्चिमेची बाहेरची भिंत यासाठी निवडू नये. ती उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात ओल धरते.

कूलर, पाऊस आणि कसर

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. कूलरच्या घरात हाच गुण अडचणीचा ठरतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, दमट हवा दिवसभर गालिच्यावर पडत राहिली की तो वरून कोरडा वाटला तरी आतून दमट राहतो. काही आठवड्यांत कुबट वास येऊ लागतो आणि सुती ताणा असेल तर बुरशीही धरते. म्हणून कूलरच्या थेट झोतात कोणताही लोकरी गालिचा ठेवू नये, आणि लवदार गालिचा तर एप्रिलपूर्वीच उचललेला असावा. रोजच्या पोछ्याचेही तसेच आहे. पोछा मारताना पाणी कडेखाली झिरपते आणि गालिच्याची कड काळी पडते. त्यामुळे आधी कडा आतल्या बाजूला दुमडाव्यात, फरशी पूर्ण वाळू द्यावी आणि मगच त्या सरळ कराव्यात.

कसर लागण्याचा खरा काळ पावसाळा असतो. कपड्यांतील कसरीच्या पतंगाची अळी लोकरीतील केराटिन हे प्रथिन खाऊन जगते, आणि तिला अंधारी, न हलवलेली जागा आवडते. म्हणजेच गालिच्याच्या मधोमध, जेथे आपण वावरतो तेथे, ती क्वचितच असते. सोफ्याखाली दबलेला भाग ती खाते. दर महिन्याला फर्निचर सरकवून गालिचा उलटावा आणि पांढरट जाळी, बारीक कण किंवा टक्कल पडलेली लव दिसते का ते पाहावे. गुंडाळून ठेवण्यापूर्वी गालिचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे, कारण घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर कसर आधी शोधते. नंतर तो लवेच्या दिशेने गुंडाळावा, धुतलेल्या सुती चादरीत बांधावा आणि आडवा ठेवावा. वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत घालून ठेवण्याची जुनी रीत सोबत पाळावी. डांबराच्या गोळ्या वापरायच्याच असतील तर लोकरीला न टेकता, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणे मात्र पूर्ण टाळावे, कारण आत अडकलेली वाफ बाहेर पडत नाही.

सफाई, डाग आणि दुरुस्ती

नवा लवदार गालिचा पहिले काही महिने लोकर सोडतो आणि त्याला मेंढीचा मंद वासही येतो. दोन्ही हळूहळू कमी होतात. व्हॅक्यूम क्लीनर फक्त हवा ओढण्यापुरता चालवावा, फिरता ब्रश बंद ठेवावा आणि दशांवरून तो नेऊच नये. दर तीन-चार महिन्यांनी गालिचा टोकाचा टोकाला फिरवावा, म्हणजे खिडकीकडचा भाग एकटाच फिका पडत नाही. नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर उलटा टाकून हलक्या हाताने झोडपणे ही धूळ काढण्याची उत्तम पद्धत आहे, मात्र मे महिन्याच्या उन्हात तसे केल्यास रंग उडतात.

डाग पडल्यास घासू नये, टिपावे. रश्श्याचा डाग असेल, तर घट्ट भाग चमच्याने उचलावा, त्यावर कॉर्नफ्लोअर पसरून काही तास तेल शोषू द्यावे, ते काढून टाकावे आणि मग गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठीचा सौम्य द्रव साबण मिसळून फडक्याने टिपत जावे. कपडे धुण्याचा सोडा आणि साधी पावडर वापरू नये. क्षारामुळे लोकर खराब होते आणि हळद लालभडक होते. उरलेला पिवळेपणा प्रकाशाने आपोआप फिका पडतो, त्यामुळे न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीवरील हळदीचा डाग काही दिवस उजेडात ठेवणे हाच उपाय आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंकू सांडलेच, तर पाण्याचा थेंबही लावू नये. कोरडी पूड व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. त्या दिवसापुरता गालिचा आतल्या खोलीत हलवणे त्याहून सोपे.

संपूर्ण धुलाई दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते आणि ती हातविणीचे गालिचे धुणाऱ्याकडूनच करून घ्यावी; कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला दिलेला गालिचा अनेकदा कडक होऊन परत येतो. देताना वाळवण्याची पद्धत विचारावी आणि धुलाईसाठी ऑक्टोबरनंतरचे महिने निवडावेत, कारण जाड लोकर पावसाळ्यात आतपर्यंत वाळत नाही. कडेचा टाका उसवला किंवा दशांची गाठ सुटली, तर ती त्याच आठवड्यात जाड सुती दोऱ्याने बांधून घ्यावी. ताण्याच्या टोकाची गाठ सुटल्यावर आडवे धागे एकामागून एक निसटू लागतात, आणि आज रफू करणाऱ्याकडे तासाभरात होणारे काम वर्षभराने पूर्ण कड नव्याने विणण्यावर जाते.